विमानाच्या पंखावर कापड चढवताना या चुका टाळा

घरी बांधलेल्या विमानाचा सांगाडा पुरा झाला की हात आपोआप कापडाकडे वळतात. साहजिकच आहे. इतके दिवस नुसत्या पट्ट्या आणि नळ्या दिसत होत्या, आता कुठे ते विमान वाटायला लागणार असतं. पण नंतर निघणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ कापडाखाली असतं. तक्रार लक्षात येते तेव्हा कापड फाडल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

घाईने पंख बंद करणं

कापडाआधी पंख काटकोनात आहे का ते कर्ण मोजून पाहा. आतल्या तारांचा ताण, कंट्रोल केबल, पुली, हवेतला वेग मोजणारी पिटॉट नळी, दिव्यांच्या वायरी, सगळं एकदा स्वतः तपासा आणि मग दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आपण केलेल्या कामातली चूक आपल्याला सहसा दिसत नाही.

लाकडी सांगाडा असेल तर साध्या व्हार्निशवर थांबू नका. कापडाचा गोंद आणि वरचे थर यांत तीव्र सॉल्व्हंट असतात, ते साधं व्हार्निश उचलून काढतात. गोंद मग लाकडाला नाही, सुटलेल्या व्हार्निशला धरून राहतो. कापड चिकटणार त्या जागी दोन घटकांचं इपॉक्सी व्हार्निश हवं.

नायलॉनचं अगदी तलम कापड हातात घेऊन सगळ्या सांगाड्यावरून हलकेच फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे रिव्हेटचं डोकं, स्क्रूची कड किंवा गोंदाचा वाळलेला थेंब असतो. आधी तो घासून काढा, मग वर चिकट पट्टी लावा. हाताला न जाणवणारं टोकसुद्धा इंजिनाच्या थरथरीने कापड आतून झिजवतं.

रिब म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या. त्यांना एकमेकींशी बांधणारी आडवी फीतही बरेच जण विसरतात. कापड आकसताना रिब बाजूला ओढल्या जातात आणि वरून पाहिलं तर नागमोडी दिसतात. फीत एका रिबच्या वरच्या पट्टीला वेढा देऊन पुढच्या रिबच्या खालच्या पट्टीकडे न्यायची, मग पुन्हा वर.

इस्त्रीच्या चकतीवर विसंबणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. पॉलिस्टर कापडाला ताण मिळतो तो इस्त्रीच्या उष्णतेने आकसून. पॉलिस्टरच्या प्रचलित पद्धतीत पहिला हात 121 अंश सेल्सिअसला, मग 149 आणि शेवटी 177 असा क्रम असतो. अगदी हलक्या सांगाड्यासाठी निर्माता याहून कमी मर्यादा देतो, तिथे त्याचंच ऐकायचं. ताण किती येणार हे तापमान ठरवतं, इस्त्री किती वेळा फिरवली यावर ते अवलंबून नाही. 121 ला तासभर फिरवली तरी ताण 121 चाच येणार. उलट 177 च्या बरंच वर गेलात तर कापड सैल पडू लागतं आणि तो ताण परत येत नाही. मग तेवढा भाग काढून नवं कापड लावण्याला पर्याय नाही.

घरगुती इस्त्रीच्या चकतीवरचे आकडे या कामाला उपयोगाचे नाहीत. इस्त्री उलटी घट्ट बसवा, तळावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून त्यात तापमापक टेकवा. थर्मोस्टॅट काही वेळा चालू-बंद होऊ द्या आणि तापमान सर्वांत वर कुठे जातं ते पाहून चकतीवर खूण करा. तिन्ही तापमानांच्या वेगळ्या खुणा हव्यात. इन्फ्रारेड तापमापक इथे फसवतो, चकचकीत धातूचं तापमान तो कमी दाखवतो. हीट गन तर वापरूच नका, तिचं तापमान हाती राहत नाही.

वरची आणि खालची बाजू एकेका टप्प्याने बरोबर न्या. एक बाजू 177 ला पुरी केली आणि दुसरी ढिली ठेवली, तर मागची पातळ कड वाकते. गोंदाच्या सांध्यावर तापलेली इस्त्री टेकवू नका, गोंद मऊ होऊन कापड सरकतं.

टाके लांब घेणं

उडताना पंखाच्या वरच्या बाजूचं कापड हवा वर ओढत असते. नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नका, कापड रिबना टाके घालून बांधा. टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं आणि प्रोपेलरच्या झोतात ते आणखी कमी ठेवावं लागतं. आराखड्यात दिलेलं अंतर पाळा. ते दिलेलं नसेल तर एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी 43.13-1बी या मार्गदर्शक पुस्तिकेत त्याचा तक्ता आहे.

रंगाचे थर

पहिला थर पातळ करून कापडात मुरवायचा. तो नुसता वर बसला तर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो आणि बारीक छिद्रं राहतात. दमट हवेत डोप, म्हणजे कापडावर लावायचं लाखेसारखं द्रव्य, पांढुरकं पडतं, अशा दिवशी काम थांबवलेलं बरं. पॉलिस्टरवर ताणणारं डोप लावू नका. आधीच ताणलेल्या कापडाला ते वर्षानुवर्षं आवळत राहतं आणि सांगाडा वाकवतं. एका कंपनीचा गोंद आणि दुसरीचा थर असा मेळही घालू नका.

ॲल्युमिनियमचा रुपेरी थर शोभेसाठी नसतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून पॉलिस्टरला तोच वाचवतो. वजन वाचवायला तो कमी केला तर कापड आतून कुजत जातं आणि वरचा रंग मात्र छान दिसत राहतो. पंखाच्या आत दिवा धरून अंधारात बाहेरून पाहा, प्रकाश झिरपला तर थर कमी पडलाय.

मागच्या कडेला प्रत्येक खणाच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायचं भोक ठेवा. आणि एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, रंगवून झालं की त्याचा तोल पुन्हा तपासा. बिजागरीच्या मागे वाढलेलं थोडं वजनही वेगात फडफड सुरू करायला पुरेसं असतं.