वाड्यातल्या जुन्या रिव्हॉल्वरचं साल कसं शोधायचं

कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांत पणजोबांचं रिव्हॉल्वर निघालं, की 'महाराजांनी दिलेलं' ही कथा आधी येते. कथा बाजूला ठेवा, लोखंड वाचा. त्याआधी परवाना बघा. तो नसेल किंवा वारसाच्या नावावर झालेला नसेल, तर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचं, नंतर माहिती काढायची.

आता रिकामं करणं. नळी मागे कोणी नसलेल्या भिंतीकडे, बोट चापाबाहेर. वेब्लीच्या, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्वरच्या, डाव्या बाजूला, घोड्याजवळ (काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या भागाजवळ) खटका असतो. तो अंगठ्याने दाबून नळी बिजागरीवर खाली दुमडली की सिलिंडर उघडतं आणि काडतुसं वर येतात. अमेरिकी कंपन्यांपैकी स्मिथ अँड वेसनच्या बाहेर झुलणाऱ्या सिलिंडरचा खटका पुढे ढकलावा लागतो, कोल्टचा मागे ओढावा लागतो. सिलिंडरचे सगळे कप्पे उजेडाकडे धरून बघा. गंजाने अडकलेलं काडतूस ठोकून काढू नका, ते काम परवानाधारक बंदूक कारागिराचं.

मग दहापट भिंग. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनारांचं मिळतं. भिंग घरी आणायचं, शस्त्र गुजरीत न्यायचं नाही. आपल्याकडच्या पावसाने खुणांवर गंजाचा थर असतोच. दातांच्या मऊ ब्रशने थोडं रॉकेल लावून पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको: खूण घासली गेली की साल गेलं, आणि ओळखखूण पुसणं शस्त्र कायद्यानुसार गुन्हाही आहे. टॉर्च तिरपा धरला की पुसट अक्षरं उठून दिसतात.

वेब्लीचं आधी नाव बघा. 'पी. वेब्ली अँड सन' असेल तर १८९७ पूर्वीचं. त्या वर्षी कंपनी 'वेब्ली अँड स्कॉट' झाली. लष्करी मार्क वन १८८७ चं, मूठ खाली गोल, नळी चार इंची. मार्क सिक्स १९१५ चं, मूठ चौकोनी, नळी सहा इंची, आणि फ्रेमच्या (मुख्य सांगाड्याच्या) डाव्या बाजूला बहुधा सालही. एनफिल्ड नंबर टू हे दुसरं ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वर १९३२ मध्ये स्वीकारलं गेलं. साल उजव्या बाजूला, मुकुटाखाली. त्याच्या घोड्याला अंगठ्याचा काटा नसेल तर ते १९३८ नंतरचं रूप समजा. रणगाड्यात कपड्यांना, वायरींना अडकू नये म्हणून काटा काढला होता. मात्र जुन्या रिव्हॉल्वरचे घोडेही नंतर बदलले गेले, म्हणून सालाची खूण बघितल्याशिवाय यावर पैज लावू नका.

नाव नसेल तर चाचणीच्या खुणा, म्हणजे शस्त्र सरकारी तपासणीत टिकल्याचे ठसे. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी असेल तर बर्मिंगहॅम, १९०४ नंतर. त्याआधी तिथे आडवे राजदंड आणि मुकुट असत. अंडाकृती चौकटीत ईएलजी म्हणजे बेल्जियमचं लिएज. वर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. 'बुलडॉग' नावाच्या छोट्या, खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्वरवर ही खूण फार सापडते, आणि विकणारा ते वेब्लीचं म्हणून सांगतो.

इथे सगळ्यात जास्त फसगत पेटंटच्या तारखेने होते. नळीवर १८८९ लिहिलंय म्हणून रिव्हॉल्वर १८८९ चं ठरत नाही. तीच तारीख पुढे वर्षानुवर्षं छापली जाई. दुसरी फसगत नंबरांची: फ्रेम आणि सिलिंडरवरचे नंबर जुळले नाहीत तर भाग बदललेला, मग साल फ्रेमचं धरा.

बोअर, म्हणजे काडतुसाचा आकार, व्हर्नियर मोजपट्टीने मोजा, सिलिंडरच्या कप्प्याच्या मागच्या तोंडाशी. साधारण ८.६ मिमी म्हणजे .३२, ९.८ म्हणजे .३८, १२.२ म्हणजे .४५५. शेवटचा आकडा आला तर थांबा: लष्करी .४५५ चं काडतूस घेणारं शस्त्र निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, साध्या परवान्यावर ते बसत नाही.