पत्री शोधायला चला: इंदूरमधे घरी शिकणाऱ्या लहान मुलांचा झाडाखालचा वर्ग कसा चालवायचा

बऱ्याच जणी विचारतात की तुम्ही दर बुधवारी पोरांना घेऊन झाडाखाली जाता ते नक्की करता काय, आम्हाला पण राजेंद्रनगरला सुरू करायचंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आमच्या ग्रुपात चार ते आठ वर्षांची मुलं आहेत, सगळी घरी शिकणारी, आणि देवाधर्माचे संस्कार व्हावेत असं मनापासून वाटणारी घरं.

पहिली गोष्ट म्हणजे देवासाठी वेगळा पिरियड ठेवू नका. मी सुरुवातीला तेच केलं होतं, अर्धा तास स्तोत्रं, मग गोष्ट, आणि मग "चला आता निसर्ग बघू". पाच वर्षांचं मूल अर्धा तास डोळे मिटून बसेल का, चुळबुळ सुरू झाली, मग रडारड, आणि फिरायची वेळ आली तोवर सगळी कंटाळलेली. खरं तर आपल्याकडे पूजा आणि झाडपाला वेगळे नाहीतच. गणपतीला दूर्वा, शंकराला बेल, मारुतीला रुई, विठोबाला तुळस, दत्ताचा औदुंबर, सिलॅबस आजीच्या देव्हाऱ्यात तयारच आहे. म्हणून आता आम्ही आधी पान हातात देतो आणि गोष्ट नंतर सांगतो. मुलाने बेलाचं झाड स्वतः शोधलं, काटा टोचून घेतला, एका देठाला तीन दलं मोजली, की "हे शंकरालाच का?" हे तेच विचारतं, आणि तेव्हा सांगितलेली गोष्ट विसरत नाही.

ग्रुप छोटा ठेवा. आठ-दहा मुलं पुष्कळ झाली, चार मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, आणि आईबाबांपैकी एकाने तिथे थांबायचं, सोडून जायचं नाही. एखादे आजोबा येत असतील तर फारच छान, आमच्याकडे एक आजोबा येतात त्यांना नुसत्या वासावरून मरवा कळतो. नावात स्कूल वगैरे लावू नका, कारण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात मान्यता नसताना शाळा चालवता येत नाही आणि आपण शाळा चालवत पण नाही, आठवड्यातून एकदा भेटणारी पाच-सहा घरं आहोत. पुढच्या शिक्षणाची काळजी सगळ्यांना असते, तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे लेव्हल आहेत आणि दहावीची परीक्षा पण तिथून देता येते, चार-पाच वर्षांच्या मुलासाठी आत्तापासून झोप उडवून घेऊ नका. आणि सुरू करायच्या आधी सगळ्या पालकांना स्पष्ट सांगा की इथे नमस्कार होणार, देवाच्या गोष्टी होणार, नैवेद्य होणार. ज्यांना नको असेल त्यांना आधीच कळलेलं बरं.

दिवस मधल्या वारी ठेवा. रविवारी पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कात पाय ठेवायला जागा नसते आणि आपल्या मुलांना सुट्टीची वाट बघायची गरज नाही, तोच तर घरी शिकण्याचा फायदा. सकाळी साडेसातला जमायचं, दहाच्या आत घरी. एप्रिल-मेमधे सातच्या आधी नाहीतर नाहीच, आपल्याकडे तेव्हा ऊन चाळीसच्या वर जातं. जागा एकच धरा, दर वेळी नवीन जागा नको. आमचं एक ठरलेलं वडाचं झाड आहे आणि प्रत्येक मुलाची त्याखाली आपली आपली जागा आहे, तिथे पाच मिनिटं एकट्याने गप्प बसायचं. पहिले दोन महिने कुणी बसत नाही, ओरडू नका, आपण स्वतः बसा. आता ती सांगतात की काकू माझ्या पारंबीवर मुंग्यांनी रस्ता बदलला.

सुरुवात भूमीला नमस्कार करून. चपला काढायच्या, हात मातीला लावायचा, कपाळाला लावायचा, झालं. पावसाळ्यात मालव्याची काळी माती अशी चिकटते की पाय उचलत नाही, तेव्हा पण चपला काढूनच, घरी जाऊन धुता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, पत्री. गणेशचतुर्थीला सिद्धिविनायकाच्या पूजेत एकवीस पत्री वाहतात हे सगळ्यांना माहीत, पण बाजारातून दहा-वीस रुपयांची जुडी आणतो आणि त्यात काय आहे ते आपल्यालाच ओळखता येत नाही. आम्ही आषाढापासून सुरू करतो, एका बुधवारी दोनच पानं. दूर्वा सोपी वाटते पण नाही, मुलं कुठलंही गवत उपटून आणतात, त्यांना गुडघ्यावर बसवून दाखवायचं की दूर्वा जमिनीलगत पसरत जाते, पेरापेरावर मुळं धरते, आणि शेंड्याची तीन पानांची कोवळी काडी खुडायची, मुळासकट नाही. आघाडा मुलांचा सगळ्यात लाडका कारण तोच त्यांना शोधतो, त्याच्या उभ्या तुऱ्याजवळून गेलं की बिया चड्डीला चिकटून येतात. एकदा घरी जाऊन सगळ्यांनी मोजल्या, एका मोज्यावर अठ्ठावीस निघाल्या, बी कसं प्रवास करतं हे वेगळं शिकवावंच लागलं नाही. मग माका, विष्णुक्रांतेचं इवलंसं निळं फूल, शमी, डोरलीचे काटे, अर्जुनाचं गुळगुळीत पांढुरकं खोड, डाळिंब, जाई. देवदार मालव्यात कुठून आणणार, केवडा पण अवघड, जे मिळत नाही त्याऐवजी अक्षता वाहतात हे मुलांना खरं खरं सांगायचं. तुळस गणपतीला एरवी वाहत नाहीत, फक्त या दिवशी, हे ऐकून मुलं फार खूश होतात.

पण इथेच सांभाळायचं. पत्रीतलं धोतरा, कण्हेर आणि रुई हे तिन्ही विषारी आहेत. ही तीन पानं मोठ्यांनीच तोडायची, मुलांनी बघायची, आणि नंतर सगळ्यांचे हात साबणाने धुवायचे. रुई, म्हणजे इथे सगळे आकडाच म्हणतात, तिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. माझ्याच मुलीने पान तोडून तोच हात डोळ्याला लावला होता, मी दोन मिनिटं पाठ फिरवली होती तेवढ्यात. लगेच बाटल्यांनी पाणी ओतत राहिलो आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, वेळेत धुतलं म्हणून निभावलं. तेव्हापासून दोन लिटर साधं पाणी फक्त धुण्यासाठी वेगळं असतं, ते कुणी प्यायचं नाही.

आणि तरी रुई दाखवायचीच, मी तर म्हणेन ती सगळ्यात मोठा धडा आहे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतो त्याच पानाच्या मागे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडते, ती तेच विषारी पान खाऊन मोठी होते, आणि तिचं केशरी पंखांचं फुलपाखरू होतं त्यातही तो कडूपणा उतरतो म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मुलं अळीपुढे अर्धा अर्धा तास बसतात. एकाने विचारलं, मग मारुतीने हिलाच वाचवलं का? मी नुसतं म्हटलं, तुला काय वाटतं. लगेच उत्तर देऊन टाकायची घाई करू नका, देवाबद्दलचा मुलाचा स्वतःचा विचार तिथेच उगवतो.

वर्षाचं कॅलेंडर सणांवर बसवा. मृग लागला आणि पहिला पाऊस झाला की लाल मखमली मृगाचा किडा, इथली बीरबहूटी, एक-दोन दिवस दिसतो आणि गायब, त्यासाठी प्लॅन मोडून पण जायचं. वटपौर्णिमेला फांदी तोडून आणायची नाही, झाडापाशी जायचं. दसऱ्याला आपटा आणि कांचन शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवा, बाजारात सोनं म्हणून बऱ्याचदा कांचनच विकतात. कार्तिकात आवळी नवमीला आवळ्याखाली जेवण, आपल्या आज्यांनी पिकनिक आधीच ठरवून ठेवलीय. आणि थंडीत दोनदा तरी सिरपूर तलाव, 2022 मधे तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला आणि 2025 मधे उदयपूरबरोबर इंदूरला वेटलँड सिटीचा, म्हणजे पाणथळ जागा जपणाऱ्या शहराचा मान मिळाला. तिथे मुलांना हळदी-कुंकू बदक दाखवा, काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी दोन्हीकडे कुंकवाचा टिपका, नाव एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाहीत. दुर्बीण एकच असली तरी चालते. पाण्यापासून दहा पावलं लांब, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही. रालामंडल अभयारण्यात गेलात तर तिथे एक पान पण तोडायचं नाही, पूजेसाठी पण नाही.

तोडायचे नियम एरवी पण आहेत, आणि ते आजीचेच आहेत. आधी झाडाला नमस्कार, लागेल तेवढंच, एका झाडाची दोनपेक्षा जास्त पानं नाहीत, सूर्य मावळल्यावर अजिबात नाही.

बॅगेत साबण, प्रथमोपचार, जास्तीची चड्डी, शिट्टी, आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या (गीला-सूखा) दोन पिशव्या, इंदूरच्या पोरांना ते सांगावं लागत नाही. साप दिसला तर जागीच थांबायचं आणि मोठ्यांना हाक मारायची, चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं काही नाही, पाय हलू न देता 108 ला (अँब्युलन्सला) फोन आणि सरळ मोठं हॉस्पिटल. खायला दशमी, गूळ-शेंगदाणे, आधी एक घास झाडाच्या बुंध्याशी नैवेद्य, मग आपण. पोहे आणू नका, गार होतात आणि सगळी शेव गवतात सांडते.

वही एकच ठेवा. पानाखाली कागद, वरून खडू घासायचा, खाली तारीख आणि तिथी दोन्ही. तिथीसाठी आदल्या रात्री चंद्र बघून गोल काढून यायचा, दोन महिन्यांत मुलं अमावस्या आपोआप सांगायला लागतात.

गणपती झाल्यावर निर्माल्य विसर्जनात टाकत नाही. सोसायटीच्या कोपऱ्यात एक कोठी केलीय, पत्री, हार, दूर्वा सगळं त्यात, मधेमधे थोडी माती आणि सुकी पानं, आठवड्यातून एकदा मुलंच काठीने वरखाली करतात. कार्तिकात कोठी उघडली की खाली काळं भुसभुशीत खत असतं, अजून एखाद-दुसरा बेलाचा देठ ओळखू येतो. तुळशीच्या लग्नाआधी तेच खत तुळशीच्या कुंडीत घालायचं, प्रत्येकाने एक एक मूठ.