आवाजाची तक्रार इंग्रजीत लिहिताना

घोडबंदर रोडला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायचं काम निघालं. सोसायटीला इंग्रजीत मेल करायचा होता आणि मी लिहिलं, 'बिग साउंड'. चूक. नकोशा आवाजाला 'नॉइज' म्हणतात आणि त्याच्या जोड्या ठरलेल्या असतात. एवढ्या वहीत उतरवून ठेवा:

१. मोठा आवाज 'लाउड नॉइज', कानठळ्या बसवणारा 'डेफनिंग नॉइज', थांबतच नसेल तर 'कॉन्स्टंट नॉइज'.

२. फोनवर बोलताना मागून कुकरची शिट्टी ऐकू येते, ती 'बॅकग्राउंड नॉइज'.

३. क्रियापद 'मेक'. मराठीत आपण आवाज 'करतो', म्हणून हमखास 'डू' लिहिलं जातं, इथे खरंच जपा. पूर्ण वाक्य असं: 'दे आर मेकिंग अ लॉट ऑफ नॉइज आफ्टर टेन पीएम.' वेळ जरूर लिहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

४. हळूहळू शांत झालं की 'द नॉइज डाइड डाउन'.

'हेवी' मात्र पावसाला आणि ट्रॅफिकला लावा. 'हेवी नॉइज' कानाला खटकतं.