पद्मिनीचे रेडिएटर होज बदलताना: ओढू नका, कापा

प्रीमियर पद्मिनीचे होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधले पाण्याचे रबरी पाइप, बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं कुणी म्हणालं की समजावं, त्याने ते स्वतः केलेलं नाही. नवे होज चढायला दहा मिनिटं पुरतात. सकाळ खातात ते जुने, आणि नुकसान होतं तेही जुने उतरवतानाच.

आधी खरेदी. जुना होज हातात घेऊन दुकानात जा, तोंडाचा व्यास आणि वळण जुळवून घ्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. टॅक्स्या होत्या तोवर सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता दुकानदार "हा कुठल्याही गाडीला बसतो" म्हणून घड्याघड्यांचा वाकणारा पाइप पुढे करतो. घेऊ नका. तो घडीवर चिरतो आणि ताठ असल्यामुळे रेडिएटरच्या नळीवर सतत जोर देतो. निळे सिलिकॉनचे होजही मला पटत नाहीत. साध्या, खाचांच्या पट्टीच्या क्लिपमधून सिलिकॉन दबून बाहेर येतं. त्यांना आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते. काळं, वळणाचं साचेबंद रबरच घ्या. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी. पंप त्या होजमधून पाणी ओढतो. रबर मऊ पडलं की इंजिनाच्या जास्त फेऱ्यांवर होज आत चिकटतो. घाटात तापमानाचा काटा चढतो, उभ्या गाडीत तपासावं तर सगळं ठीक!

इंजिन पूर्ण गार झालं की रेडिएटरची कॅप काढा, त्याच्या खालचा कॉक उघडा, पाणी घमेल्यात धरा. कूलंट असेल तर घमेलं लगेच झाका. ते चवीला गोड असतं, गल्लीतलं कुत्रं चाटतं आणि मरतं.

आता मुख्य काम. पद्मिनीचा रेडिएटर तांबं-पितळेचा, त्याच्या नळ्या टाकीला डाग देऊन जोडलेल्या. वर्षानुवर्षं तापून होज त्या नळीला डिंकाने चिकटवल्यासारखा बसतो. आपला पहिला विचार एकच: होज पाइप-पान्यात धरायचा आणि पिळायचा. मीही तेच केलं होतं. 'कट्' असा बारीक आवाज आला, होज सुटला म्हणून मी खूश झालो, आणि पाहतो तर नळीही टाकीपासून सुटलेली. रेडिएटर उतरवून डाग द्यायला नेला, रविवार गेला, सोमवारी बसने ऑफिस. पेचकस खुपसून होज उचकटणंही तितकंच वाईट. नळीचं तोंड वाकडं होतं आणि मग कितीही आवळा, ठिबकणारच.

होज तसाही फेकायचाच आहे, तर कापा. क्लिपा सैल करून सरकवा. आधी होज मधोमध आडवा तोडा, म्हणजे दोन्ही टोकांना हात पोचेल. आत स्प्रिंग असेल तर तिच्या बाजूने. मग टोकाकडून नळीच्या दिशेने लांबीत चीर द्या. पातं तिरपं धरा आणि एका दमात आरपार जाऊ नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा, शेवटचा थर तसाच ठेवा आणि बोटांनी फाडा. पितळेवर लांबीत गेलेला ओरखडा म्हणजे पाण्याला आयती वाट. उघडलेली चीर सोलल्यासारखी बाजूला करत न्या, होज आपोआप सुटतो. मोसंबी सोलता येत असेल तर हेही येईल.

नळीवरचा हिरवा-पांढरा थर ओल्या बारीक काचपेपरने काढा, तोही नळीभोवती गोल फिरवत, लांबीत कधीच नाही. इंजिनाकडच्या तोंडावर खड्डे पडले असतील तर तेही आताच बघा. नळीला शेलॅक (लाखेचं चिकट वार्निश) फासणारे मिस्त्री मला भेटलेत. स्वच्छ नळीला त्याची गरज नसते, आणि पुढच्या वेळी होज सुटत नाही तो त्या शेलॅकमुळेच. ग्रीस आणि तेलही नको, रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा.

क्लिपा आधी होजवर ओवा, मग होज चढवा. क्लिप नळीच्या फुगीर कडेच्या मागे बसली पाहिजे. कडेवर बसली तर गरम झाल्यावर सरकते. आवळताना रबर पट्टीच्या कडांशी थोडं उचललं की थांबा.

कॉक बंद करून कूलंट हळू ओता, गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवून. कॅप न लावता इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, उघडला की वरचा होज एकदम तापतो, हवा निघते आणि पातळी खाली जाते. तेव्हा भरा, मग कॅप लावा. हे टाळलं तर आत हवेचा बुडबुडा अडकतो. या १०८९ सीसी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अॅल्युमिनियमचं आहे, त्याला तापणं सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी, गाडी एकदा तापून पूर्ण गार झाल्यावर, चारही क्लिपा पुन्हा आवळा. नवं रबर दबतं; प्रत्येकीला पाव ते अर्धा फेरा मिळतोच. घाट चढायचा बेत त्यानंतर.