काणकोणची सुट्टी तिथी पाहून आखा

दक्षिण गोव्यातल्या काणकोणला चालायला आणि कयाक वल्हवायला यायचं असेल, तर हॉटेल शोधण्याआधी पंचांग उघडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातले नेमके कुठले दिवस, ते मात्र पाणी ठरवतं. माझं माहेर इथल्याच पैंगीण गावचं. कोल्हापूर-सांगलीकडची भाचरं हिवाळ्यात यायचं म्हणतात तेव्हा मी आधी तिथी पाहते आणि मगच त्यांना तिकिटं काढायला सांगते.

आमच्याकडचे जुने रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, भरतीची वेळ बोटांवर मोजत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून हा हिशेब बसतो. थोडंफार इकडेतिकडे होतंच, तेव्हा आदल्या रात्री मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर ताडून घ्या. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, तेही त्यात दिसतं.

आता यावर वाऱ्याचा हिशेब चढवा. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे खरोखर भेटतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून हलका वारा असतो आणि पाणी गुळगुळीत असतं. दुपार होऊ लागली की समुद्राकडून वारा सुटतो, लाटा उठतात आणि वल्हं जड होतं. म्हणजे कयाकचं काम साडेनवाच्या आत उरकलं पाहिजे. या दोन गोष्टी जुळतात त्या दशमी, एकादशी आणि द्वादशीला. म्हणून दशमीला पोहोचा आणि पौर्णिमा किंवा अमावास्या पाहून परता.

पहिली सकाळ तळपण नदीला द्या, समुद्राला नको. खोतीगावच्या जंगलातून उतरणारी ही नदी राजबाग किनाऱ्याच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. एकादशी असेल तर पावणेसातला पाण्यात उतरा. चढती भरती तुम्हाला आपोआप आत नेते, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि त्यामागे माड. खंड्या आणि बगळे अगदी जवळून दिसतात, फक्त बोलणं कमी ठेवा. सव्वाआठला पाणी थांबलं की वळायचं, ओहोटी परत आणून सोडते. नवख्या हातांनाही हे झेपतं, कारण अर्धं काम नदीच करते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: ओहोटी सुरू झाल्यावर नदीच्या मुखाकडे जाऊ नका. बाहेर धावणारं पाणी आणि आत येणारी लाट जिथे भिडतात तिथे लाटा उभ्या राहतात, आणि हलकी कयाक पटकन उलटते. नदीसाठी स्थानिक वाटाड्या घ्याच.

समुद्रातली फेरी दुसऱ्या दिवशी, पाळोळेहून. किनाऱ्यावरच भाड्याच्या कयाक मिळतात. घेताना मागचं बूच घट्ट आहे का ते स्वतः पाहा. लाइफ जॅकेट घालून सगळे पट्टे ओढा, मग दुसऱ्याला ते खांद्यांपाशी धरून वर खेचायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर लहान मापाचं मागा. दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे बसतो. वल्हं दंडाने ओढू नका, कमरेतून वळा, नाहीतर दुसऱ्या दिवशी हात वर होणार नाहीत. उलटलात तर कयाक सोडायची नाही. उत्तरेकडच्या बेटाला वळसा घालून बटरफ्लाय बीचकडे जाता येतं, पण खडकांपासून दूर राहा. डॉल्फिन दिसले तर वल्हं थांबवा. त्यांच्या मागे लागू नका, ते त्यांच्या मर्जीने जवळ येतात. जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तर त्या दिवशी विषय संपला.

त्रयोदशीला जंगल. खोतीगाव अभयारण्य 1968 सालचं, सुमारे 86 चौरस किलोमीटरचं. सकाळी लवकर जा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात बूट घाला. इथे सगळ्यात सुंदर आहे ती उंच झाडांची सावली. माट्टी, म्हणजे गोव्याचा राज्यवृक्ष, सालीवरून ओळखता येतो: मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली. गवा आहे, शेकरू आहे, पण ते दिसतीलच असं मनात धरून येऊ नका. झाडावरच्या मचाणावर अर्धा तास निमूट बसलात तर जंगल तुमची सवय करून घेतं. मुलांनाही हे जमतं, माझा अनुभव आहे. वाटेत पैंगीणजवळ पर्तगाळी मठ आहे, 1475 पासूनची परंपरा असलेला. तिथला वड पाहायला थांबा.

चतुर्दशीला पूर्ण ओहोटी संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास. साडेतीनला पाळोळेहून निघा आणि कोळंब, पाटणे, राजबाग करत तळपणच्या मुखापर्यंत चाला. चार-पाच किलोमीटर होतात. मधल्या खडकांवरून पाणी उतरलेलं असतानाच जाता येतं. पौर्णिमेला पाळोळेच्या बेटावर ओहोटीत चालत जाता येतं, पण पाणी वळायच्या आत परत या.

खोलचा किल्ला, म्हणजे काबो द रामा, मोकळ्या दुपारी करा. सोंध्याच्या राजांकडून तो 1763 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, पुढे 1955 पर्यंत तिथे तुरुंग होता. कड्याच्या टोकाशी मुलांचा हात सोडू नका. परतताना खोलच्या सुक्या मिरच्या घ्या. डोंगरउतारावर पावसाळ्यात पिकणाऱ्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि पैसे थेट पिकवणाऱ्या बायकांच्या हातात गेले तर मला फार बरं वाटेल.

गालजीबाग आणि आगोंदला रात्री किनाऱ्यावर टॉर्च, शेकोटी किंवा गाणी लावू नका. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात इथे अंडी घालायला येतात, उजेड दिसला की मादी परत फिरते. वनखात्याने कुंपण घातलेली घरटी लांबूनच पाहा.

रेल्वेने आलात तर मडगावला उतरून कदंब बसने करमल घाटातून या. काणकोणलाही स्टेशन आहे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, भाड्याच्या गाडीची ती खूण आहे. सकाळी कयाकआधी पोटभर खाऊ नका. पाण्यातून बाहेर आल्यावर पातळ भाजी-पाव, आणि दुपारी जेवणाबरोबर सोलकढी.