मे महिन्यात सगळा गोतावळा घेऊन तंबूत राहायचं तर

माझ्या दोन्ही बहिणींची मुलं दर मे महिन्यात मामाकडे येतात. मामाचं घर म्हणजे कळव्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. अंगण नाही, विहीर नाही, चढायला झाड नाही. म्हणून गेली सहा वर्षं आम्ही दोन रात्रींपुरतं मामाचं गाव तंबूत मांडतो. मुरबाडच्या पुढे म्हसा गावाच्या बाजूला माझ्या एका सहकाऱ्याची शेती आहे. समोर गोरखगड, बांधावर जांभळी. आम्ही बारा-तेरा माणसं असतो. सगळ्यांत धाकटी भाची पाच वर्षांची आणि सगळ्यांत मोठी आई, पंचाहत्तरीची. पुढचं सगळं अशाच मेळ्यासाठी आहे.

जागा ओळखीच्या माणसाचीच घ्या. चालू विहीर हवी आणि हाकेच्या अंतरावर पक्कं घर हवं. आई ओटीवर खाटेवर झोपते, रात्री उठायचं झालं तर संडास जवळ असतो, म्हणूनच ती दर वर्षी हौसेने येते. ठाण्याहून येऊर सगळ्यांत जवळ, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात एक रात्र इमारतीच्या गच्चीवर तंबूत काढा. सोसायटीला आधी विचारून ठेवा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून कोपऱ्यांना पाण्याचे भरलेले कॅन बांधायचे. कुठला दांडा कुठल्या कडीत जातो ते मुलांच्या हाताला कळतं, कोण अंधाराला घाबरतं ते आपल्याला कळतं. धाकटी भाची पहिल्या तालमीत रात्री अकराला रडत खाली गेली. गच्चीवरून खाली जाता येतं, शेतातून अडीच तासांवरच्या घरी परतता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून उशी घेऊन वर आली.

निघायचं दुपारी तीनच्या पुढे. पहिल्या वर्षी आम्ही सकाळी निघालो, भर बाराला पोचलो आणि उन्हात तंबू लावता लावता आईला चक्कर आली. ती चूक मला अजून टोचते. आता कल्याणचा दुर्गाडीचा पूल चारच्या सुमाराला ओलांडतो, सहाला शेतावर असतो. सूर्य सातला मावळतो, तेवढ्या एका तासात तंबू उभे राहतात.

तंबू झाडांच्या पश्चिमेला लावा. सकाळी सावली पश्चिमेकडे पडते, म्हणजे आठपर्यंत मुलांना झोपता येतं. पूर्वेला लावलात तर सातलाच आत भट्टी. वाळलेल्या फांदीखाली, आंब्याखाली किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रात अजिबात नको. वळवाचा पाऊस डोंगरावर पडला की पात्रात लोंढा येतो, आणि तो आपल्या डोक्यावर पडलेला नसतो म्हणून कळतही नाही. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान ठेवा, कडा आत दुमडा. आमचं बाहेर राहिलं होतं. रात्री दोनला वळीव आला, प्लास्टिकवर पडलेलं पाणी थेट तळाखाली शिरलं आणि सगळी अंथरुणं भिजली.

जेवणाबद्दल मी हट्टी आहे. बायकांना घरच्या गॅससमोरून उठवून चुलीसमोर बसवायचं, याला सहल म्हणू नये. पहिल्या रात्री घरूनच दशम्या, लसणाची चटणी आणि सुकं पिठलं. दशमी दुधात मळलेली, दोन दिवस टिकते. दुसऱ्या रात्री खिचडी आणि निखाऱ्यात भाजलेले कांदे-बटाटे, करणार भावजी आणि मी. थोरली ताई पहिल्या वर्षी चार वेळा पळी मागायला आली, आता खाटेवर बसून जांभळं खाते. (मडक्यात शेंगा भाजून पोपटी करा असं दर वर्षी कोणीतरी सुचवतं. वालाच्या शेंगा थंडीतल्या, मे महिन्यात कुठून आणणार?) चुलीभोवतीचं गवत दोन-दोन मीटर खरवडून काढा, वारा असेल तर पेटवूच नका. मे महिन्यातल्या गवताला एक ठिणगी पुरते. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतून हात लावून बघायचं.

दुपारी अकरा ते चार कुठलाही कार्यक्रम नको. घोंगडी, पत्ते, पन्हं, झोप. करवंदं तोडायला सकाळी सहालाच जायचं. कोणी मलूल दिसलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट पाजत राहायचं.

आता रात्रीचं, आणि इथे जरा थांबतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. म्हणून उघड्यावर झोपायचं नाही, तंबूची चेन कायम बंद. रात्री कोणाच्या पोटात विनाकारण कळ आली, पापण्या जड झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. दंशाची जागा कापायची नाही, करकचून बांधायची नाही, माणसाला चालवायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता मी दर वर्षी पोचल्याबरोबर सगळ्या मोठ्यांना सांगतो. चपला-बूट घालण्याआधी झटकायचे, ते विंचवासाठी. लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर उठतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, पण दवाखाना लवकर गाठला तरच त्याचा उपयोग.

तारीख अमावास्येच्या आसपासची आणि मे महिन्याच्या शेवटची धरा. तेव्हा काजवे असतात. मोबाईल खिशात, विजेरीवर लाल जिलेटीन कागद, आणि अर्धा तास गप्प बसायचं. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे ओढत नेला की स्वाती सापडते, आणखी पुढे चित्रा. मुलांना हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवायला सांगा. आपल्याकडे उत्तरेला दोन मुठींवर ध्रुव असतो. गेल्या वर्षी धाकटीने तो माझ्याआधी दाखवला आणि मग आजीला ओटीवरून हाताला धरून आणलं.

परतायचं तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत. घरी आल्यावर तंबू गच्चीत दोन दिवस उन्हात पसरून ठेवा, शिवणी उलट्या करून. ओला गुंडाळला तर पावसाळ्यात बुरशी धरते, आणि ठाण्यात जूननंतर तो वाळवायला कोरडं ऊन मिळत नाही.