टेक्सासमध्ये पहिली रायफल घेताय? आधी व्हिसा बघा

डॅलस-ह्यूस्टनकडे बस्तान बसलं की बऱ्याच जणांना नेमबाजीच्या रेंजचा नाद लागतो. ऑफिसातली मंडळी शनिवारी बोलावतात आणि सोमवारी आम्हा जुन्या लोकांना फोन येतो, "एआर-15 रायफल घेऊ का?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : व्हिसाचं स्टेटस काय?

एच-1बी, एल-1 (नोकरीचे), एफ-1 (विद्यार्थ्यांचा), एच-4 (एच-1बीवाल्याच्या कुटुंबाचा) यांपैकी कशावरही असाल, तर बंदूक आणि गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेऊन चालवली तरी ते बाळगणंच. एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, पण ग्रीन कार्डची फाईल अडकलेली असताना वकिलाला विचारल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका. आई-बाबा बी-2 या पर्यटक व्हिसावर आले असतील, तर हौसेने त्यांच्या हातात रायफल देऊन फोटोही काढू नका. ग्रीन कार्ड हातात पडलं की दुकानात बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म 4473 भरायचा, तपासणी होते, आणि मग रायफल घरी नेता येते. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा मोठा गुन्हा आहे.

पहिली म्हणून एआर नको, रुगर 10/22 घ्या असं मी सांगतो. 1964 पासून बाजारात आहे, पॉइंट 22 मापाच्या गोळ्या स्वस्त पडतात, खांद्याला धक्का जवळपास नाहीच. न्यू जर्सीला बदली होण्याची शक्यता असेल तर सोबत येणारं 10 गोळ्यांचं मॅगझिनच ठेवा. तिकडे त्याहून मोठं चालत नाही.

पैसे आधी लोखंडी कपाटावर घाला, दुर्बीण नंतर. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा. एफ-1 वरचा चुलतभाऊ घरात राहत असेल तर किल्ली त्याला माहीत नसलेली बरी. बाकी कानाला मफ, डोळ्याला चष्मा आणि एक साधा पट्टा, झालं.

आता साफसफाई. 10/22 सेमी-ऑटो आहे, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) चढते. म्हणजे मॅगझिन काढलं तरी आत एक उरलेली असू शकते. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि त्याच्या तोंडाशी करंगळीने चाचपा. 10/22 ची मागची बाजू बंद असते, त्यामुळे मागून साफसफाईचा गज जात नाही. पुढून घातला तर नळीच्या तोंडाशी घासतो, आणि नेम तिथेच बिघडतो. म्हणून साफसफाईची दोरी घ्या : चेंबरकडून आत सोडायची, तोंडाकडून ओढून काढायची. बोल्टवरची काजळी फडक्याने पुसा. तेल थेंबभरच, जास्त घातलंत तर इथली धूळ त्यावर बसून चिखल होतो. काजळीत शिसं असतं, तेव्हा हे काम ओट्यावर नको, आणि नंतर साबणाने हात धुवा.

अजून एक. रेंजची बॅग फक्त रेंजचीच ठेवा. तीच घेऊन भारतात गेलात आणि एखाद्या कप्प्यात एक गोळी राहिली, तर मुंबई विमानतळावर आर्म्स अॅक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. "विसरून राहिली" हे मग कोर्टात सांगत बसावं लागतं, आणि परतीचं तिकीट वाया जातं ते वेगळंच.